गेटजवळच्या दोन पिना

अहिल्यानगर,
बुधवार, ११ मार्च

प्रिय सुकन्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईचा गुडघा बराच सुधारलाय. काल ती कुणाचं न ऐकता गच्चीवर कुरडया घालून आली. आजी गेल्या आठवड्यात शेवगावहून आली होती, चार दिवस राहिली. सुकी तिकडं मद्रासला नेमकं करती काय, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पोलादावर कार्बनचा पातळ थर चढवते, म्हणजे ते घासलं गेलं तरी झिजत नाही. कार्बन म्हणजे काय, तर काजळीच्या जातीचं. आजी म्हणाली, "तव्यावरची काजळी आमी जनमभर घासून काढली, आन् ही चढवायला शिकती व्हय." तुझी आई हसून हसून खाली बसली. हे तुला फोनवर सांगायचं राहून गेलं होतं.

फोनवर राहून जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. तुला मी पत्र असं कधी लिहिलंच नाही. पुण्याला हॉस्टेलवर होतीस तेव्हा लाडवांच्या डब्यात चिठ्ठी ठेवायचो, ती चार ओळींची. आयटीआयला ड्रॉइंग शिकताना हात रेषेला सरावला, अक्षराला नाही. समजून वाच.

आपल्या डाय-कास्टिंगच्या शेडवर काम बरं चाललंय. कोपरगावच्या पंपवाल्यांनी कव्हरची ऑर्डर वाढवली. मार्च अजून अर्धाही सरला नाही, तरी दुपारी भट्टीजवळ उभं राहवत नाही, म्हणून मागच्या भिंतीला मोठा पंखा बसवला. मच्छिंद्र त्याच्यापुढून हलत नाही. पंधरा वर्षं तो आपल्या मशीनवर आहे, पण त्याला इतकं खूश मी तू बारावीला पहिली आलीस तेव्हाच पाहिलं होतं. त्याच्या मुलीनं, संस्कृतीनं अकरावीला सायन्स घेतलंय. सुकन्याताईसारखं करायचं म्हणते. एक दिवस शेडवर येऊन तिनं मला विचारलं की ताई आता काय शोधतायत. मी तिला तुझा प्रबंध दाखवला.

हो, तो मी सगळा वाचला. मोबाईलवर अक्षर बारीक दिसत होतं म्हणून कोपऱ्यावरच्या हर्षलकडून प्रिंट काढून आणली. एकशे ऐंशी पानं झाली, त्यानं न सांगताच स्पायरल बाइंडिंग करून दिलं. शेडवर जायच्या आधी रोज सकाळी तासभर, असं करत नऊ दिवसांत वाचला. शेजारी मोबाईलवर डिक्शनरी. पहिल्या प्रकरणात अडखळलो, पण दुसऱ्यात तू लिहिलंयस ना, की हा कार्बनचा थर तापत गेला की आधी आणखी गुळगुळीत होतो, कारण वरचा भाग पेन्सिलीतल्या ग्राफाइटसारखा होतो, आणि मग हवेतला ऑक्सिजन त्याला खाऊन टाकतो, तिथं मी मान डोलावली. तिसऱ्या प्रकरणातलं तुझं मशीनही समजलं. खाली फिरणारी चकती, वर टेकलेली गोळी, भोवती भट्टी. साडेतीनशे डिग्रीला घर्षणाची रेघ किती वेळ सरळ जाते, आणि साडेचारशेला अर्ध्या तासात कशी उसळते. त्या रेघेवरून मी बोट फिरवून पाहिलं. काम स्वच्छ आहे, सुकू. आपल्या शेडमध्ये आलेल्या कुठल्याही ड्रॉइंगपेक्षा स्वच्छ.

मग आभाराचं पान आलं. त्यात माझं नाव आणि मच्छिंद्रचं नाव. माझ्या नोंदींसाठी तू एक इंग्रजी शब्द वापरलायस, तो मला येत नव्हता. मोबाईलनं त्याचा अर्थ 'काटेकोर' असा दाखवला. तिथं मी पानं मिटली आणि त्या दिवशी चहा न घेताच शेडवर गेलो.

दिवाळीत तू पिना आणल्यास तो दिवस आठवतो का? सहा कोअर पिना, मलमलीच्या कापडात एकेक गुंडाळून स्टीलच्या डब्यात. आईला वाटलं तिकडची मिठाई. तिनं डबा उघडला आणि काळ्याभोर, जांभळट झाक मारणाऱ्या पिना बघून म्हणाली, हे खायचं असतं का. तू जेवणाच्या ताटाशेजारीच मला समजावत बसलीस. कार्बनमध्ये थोडं सिलिकॉन घातलंय, थर केसाच्या विसाव्या भागाइतका, साध्या कार्बनपेक्षा जास्त उष्णता सोसेल असा अंदाज. प्रयोगशाळेत गोळी आणि चकती ठीक आहे, पण खऱ्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या तोंडाशी काय होतं ते बघायचंय, म्हणालीस. माझ्याच शेडमध्ये बघायचंय, असंही म्हणालीस. मी वरवर म्हटलं की बघू जमलं तर. पण डाय कधी एकदा खोलतो असं मला झालं होतं.

सोमवारी तू स्वतः केस बांधून, हातमोजे घालून माझ्याबरोबर पिना बसवल्यास. पंपाच्या कव्हरला सहा भोकं, म्हणून सहा पिना. पहिला शॉट मारला, मेटल आत भरलं, डाय उघडली, आणि कास्टिंग असं अलगद सुटलं की मच्छिंद्रनं ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. आपल्या साध्या पिनांना दर दोन-तीनशे शॉटला पॉलिश मारावं लागतं. त्या दिवशी सहाशे शॉट झाले तरी हात लावावा लागला नाही. मंगळवारी सकाळी तू गाडीला गेलीस. दुपारी मी तुला फोन करून सांगितलं की आज कालच्यापेक्षाही हलकं सुटतंय. ते खरं होतं. तू फोनवर इतकी हसलीस की शेजारच्या सीटवरची बाई बघायला लागली, असं तूच म्हणालीस.

आता पुढचं लिहितो. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी डाय उघडली तर कास्टिंग सुटेना. मच्छिंद्रनं पितळी रॉडनं ठोकून काढलं आणि मला हाक मारली, "मामा, पिनीनं मेटल धरलं." मी वाकून बघितलं. गेटजवळच्या, म्हणजे जिथून तापलेलं मेटल आत येतं तिथल्या दोन पिनांवरचा काळा रंग गेला होता. राखाडी पट्टे दिसत होते, त्यावर ॲल्युमिनियम चिकटलेलं. गार झाल्यावर बोट फिरवलं तर शिसपेन्सिलीसारखं काळं लागलं. काउंटर एक हजार सहाशे चाळीसवर होता. मी त्या दोन पिना काढल्या, साध्या पिना बसवल्या, काम सुरू केलं. मधल्या दोन पुढे चार हजार नऊशेला गेल्या. लांबच्या कोपऱ्यातल्या दोन मात्र टिकल्या. ही डाय महिन्यातून आठ-दहा दिवसच मशीनवर चढते, पण त्या आजही तिच्यात आहेत, बावीस हजाराच्या वर.

हे मी तुला रविवारी निवांत सांगणार होतो. पिन जाते, त्यात काय एवढं, आमच्या धंद्यात रोज जाते. पण रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा तुला धड बोलताच येत नव्हतं. तुझे गाइड सर म्हणाले होते की साडेचारशेला टिकत नसेल तर यात नवीन काय आहे, तीन वर्षं तू केलंस काय. त्यातच भट्टीचं कॉइल जळालं होतं. तू म्हणालीस, मला नाही जमणार, मी घरी येते, नगरला कुठेतरी शिकवीन. मग रडता रडताच विचारलंस, पिना चालल्यात ना? मी म्हटलं, चालल्यात. बाकीच्या चार अजून चालूच होत्या, तेव्हा हे अगदी खोटं नाही, असं मी मनाला सांगितलं. पण तू माझीच मुलगी. तू लगेच विचारलंस,

"सहाच्या सहा, पप्पा?"

मी म्हणालो, "सहाच्या सहा."

मग तू नाक ओढलंस आणि म्हणालीस, मग मी अजून थोडं थांबते. तुझं रडणं थांबलं होतं. त्या क्षणी मला वाटलं की मी बरोबर केलं. ते लपवत नाही.

त्यानंतर दर आठवड्याला तू आकडा विचारायचीस आणि मी सांगायचो. जेवताना फोन आला की घास गिळून सांगायचो, सहा हजार साडेतीनशे, कुठे झीज नाही. सांगितलेला आकडा पुढच्या वेळी आठवावा म्हणून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचो. आणि शेडवरच्या वहीत खरं लिहायचो, तेही रोज. कारण वहीत खोटं लिहायला हात चालत नव्हता. तू पाचवीत असताना तुला व्हर्नियर मी शिकवला. आईच्या भाकरीची जाडी मोजत घरभर फिरायचीस. एकदा शेडवर बारा मिलिमीटरची पिन मोजायला दिली, तू बारा लिहिलंस. मी मोजली तर अकरा पूर्णांक चौऱ्याण्णव. विचारलं तर म्हणालीस, ड्रॉइंगवर बारा आहे. किती ओरडलो होतो मी तुझ्यावर. तू डोळे पुसत तीन वेळा पुन्हा मोजलीस.

पाचवं प्रकरण मी सगळ्यात शेवटी वाचलं, कारण त्यात काय असणार हे माहीत होतं. पण जे वाटलं होतं त्याहून वाईट निघालं. माझे आकडे तू घेतले असणार, हे मी धरूनच होतो. ते होतेच. जेवता जेवता सांगितलेले सहा हजार साडेतीनशे तिथं ठिपका बनून बसले होते, आणि सहाही पिनांची रेघ एकवीस हजारापर्यंत सरळ. पण त्यापुढे तू चार पानं लिहिलीस. तुझ्या मशीनवर साडेचारशेला थर अर्ध्या तासात जातो आणि पप्पांच्या शेडमध्ये तितक्याच उष्णतेला महिनोन्महिने टिकतो, हे कसं, याचं उत्तर तू शोधत होतीस. डायवर मारतो त्या स्प्रेचा पापुद्रा थराला वाचवत असेल, असं लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस की प्रयोगशाळेतल्या भट्टीचा सेन्सर बहुधा कमी डिग्री दाखवत होता, त्यामुळे तिथले आकडे जपून घ्यावेत.

ते वाक्य मी कितीदा वाचलं सांगता येणार नाही. तुझं मशीन खरं बोलत होतं, सुकू. तू तीन वर्षं त्याच्याशेजारी बसलीस, आणि माझा शब्द वेगळा पडला तेव्हा तू त्याला खोटं ठरवलंस, मला नाही. घडलंच नाही त्याची कारणं शोधण्यात तू दोन महिने घालवलेस. तू धीर सोडू नयेस एवढंच मला हवं होतं. तुझ्या डोळ्यांवरचा तुझा विश्वास मी काढून घेईन हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मच्छिंद्रला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डिसेंबरात तू त्याला व्हिडिओ कॉल करून आभार मानलेस तेव्हा तो नुसता मान हलवत होता, आठवतं? संध्याकाळी हात धुताना म्हणाला, "मामा, माज्याकडून हे पुन्यांदा करून घेऊ नका. पोरगी आपल्या नावानं लिहिनार हाय त्ये." मी त्याला म्हटलं, एवढं कोण वाचतंय. असलं मी बोललो, चाळीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम करून.

तुझ्या आईला मी गेल्या गुरुवारी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून कणीक मळायला गेली. मळता मळता आतूनच म्हणाली, "फोनवर नका सांगू. फोनवर ती तुमालाच समजावीत बसंल." मग दुसऱ्या दिवशी तिनंच मला कॅलेंडरचं या महिन्याचं पान दाखवलं, प्रबंध महिनाअखेर द्यायचा आहे असं तू सांगितलं होतंस त्या तारखेभोवती तिनं गोल केला होता. आज अकरा. वेळ आहे.

सोबत शेडवरच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स आहेत, पहिल्या दिवसापासून कालपर्यंत. कुठली पिन, कुठल्या जागेवर, किती शॉटला गेली, कशी दिसत होती. डाय उघडल्या उघडल्या प्रोब टेकवून डिग्रीही घेतल्या आहेत. गेटजवळ चारशे तीसच्या आसपास, मधे साडेतीनशेच्या थोडं वर, लांबच्या कोपऱ्यात दोनशे सत्तर. मला यातलं फार कळत नाही, पण तुझ्या तिसऱ्या प्रकरणातली रेघ आणि ही पानं शेजारी ठेवून पाहिली तर दोन्ही एकच सांगतायत असं मला वाटलं. सर काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. कदाचित पुन्हा म्हणतील की यात नवीन काय. कदाचित प्रबंध सहा महिने पुढे जाईल. ते माझ्यामुळे असेल आणि तसं मी त्यांच्यासमोर म्हणणार आहे.

कारण मी येतोय. रविवारी दौंडहून गाडी आहे, सोमवारी तिकडे पोहोचतो. गेलेल्या चारही पिना बरोबर आणतोय, पुसल्या नाहीत, जशा निघाल्या तशाच कागदात बांधून ठेवल्यात. हे सगळं मी तिथं येऊनही सांगू शकलो असतो. पण मी समोर असलो की तुला रागावता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू गप्प होतेस, मला चहा करून देतेस आणि आपल्यातलं सगळं मिटलं असं मी धरून चालतो. या वेळी तसं व्हायला नको. म्हणून पत्र आधी कुरियरनं पाठवतोय. शुक्रवारी मिळेल, म्हणजे तुझ्याकडे पूर्ण दोन दिवस आहेत. त्यात मनसोक्त रागाव. फोन उचलायचा नसेल तर उचलू नकोस, मी गाडीत बसणारच आहे. फक्त सरांची मंगळवारची वेळ घेऊन ठेव. मी त्यांना हिंदीत सांगेन, अडलो तर तू इंग्रजीत सांग. प्रयोगशाळेचा पत्ता माझ्याकडे लिहिलेला आहे, रिक्षानं येईन, स्टेशनवर यायची काही गरज नाही. आलीस तर मला बरं वाटेल.

तुझाच,
पप्पा